पीठ मावेल तेवढं: विगिल्याच्या पिएरोगी

पोलिश घरातली पाककृतींची जुनी वही उघडली की पिएरोगीच्या पानावर बटाटे किती, चीज किती, कांदे किती हे सगळं नीट लिहिलेलं असतं. पिठापाशी आलं की मात्र दोनच शब्द: ‘इले झाबिएझे’. मावेल तेवढं. आपल्याकडेही पुरणाच्या कणकेबद्दल हेच उत्तर मिळतं, त्यामुळे मराठी माणसाला त्यात नवल वाटायला नको. पण शिकणाऱ्याची अडचण होते ती इथेच. वहीतून सारण शिकता येतं, पारी शिकता येत नाही. म्हणून इथे ज्या गोष्टी वहीत लिहिल्या जात नाहीत त्यांची मापं देतो आहे. दिवस धरला आहे २३ डिसेंबरचा, कारण २४ च्या संध्याकाळी विगिल्या असते, म्हणजे नाताळच्या आदल्या रात्रीचं जेवण. त्या एका दिवसासाठी घरात शंभर-दीडशे पिएरोगी लागतात आणि सगळं घर कामाला बसतं.

पिएरोगीचा आकार आपल्या करंजीचा, पारी मैद्याची, आत सारण. फरक एवढाच की ती तळायची नाही, मीठ घातलेल्या पाण्यात उकळायची. पोलिशमध्ये ‘पिएरोगी’ हे मुळात अनेकवचन आहे. एकवचन ‘पिएरूग’, पण ते क्वचितच कानावर पडतं, कारण एकटी पिएरोगी कोणी करत नाही आणि खातही नाही.

विगिल्याचं जेवण पूर्वापार मांसाशिवायचं. टेबलक्लॉथखाली थोडं वाळलेलं गवत, अचानक येणाऱ्या पाहुण्यासाठी एक रिकामं ताट, ओप्वातेक नावाची पातळ पापडी एकमेकांना मोडून द्यायची आणि आकाशात पहिली चांदणी दिसली की जेवायला बसायचं. पदार्थ बारा. त्यात कोबी आणि अळंब्यांच्या पिएरोगी, आणि बीटच्या आंबट सुपात, म्हणजे बार्श्चमध्ये, सोडायच्या छोट्या उश्का. उश्का म्हणजे छोटे कान. चार सेंटिमीटरच्या चौकोनात फक्त अळंब्यांचं सारण भरून त्रिकोण दुमडायचा आणि त्याची दोन टोकं बोटाभोवती घेऊन चिकटवायची.

काम सुरू होतं २२ च्या रात्री. ४० ग्रॅम वाळवलेल्या अळंब्या अर्धा लिटर थंड पाण्यात भिजत घालायच्या. पोलंडमध्ये शरद ऋतूत कुटुंबंच्या कुटुंबं जंगलात अळंब्या वेचायला जातात, त्या कापून दोऱ्यात ओवतात आणि चुलीवर किंवा हीटरजवळ टांगतात. हिवाळ्यात स्वयंपाकघरातली ती माळ हळूहळू आखूड होत जाते आणि शेवटचा मोठा हिस्सा विगिल्यासाठी राखलेला असतो. सकाळी अळंब्या हाताने वर उचलून घ्यायच्या, भांडं उपडं करायचं नाही, कारण तळाशी वाळू बसलेली असते. ते पाणी फडक्यातून गाळायचं आणि त्यातच अळंब्या अर्धा तास शिजवायच्या. शिजवल्यावर उरलेलं पाणी बार्श्चसाठी बाजूला. त्याचा एक थेंबही फेकू नये, अर्धी चव त्यातच उतरलेली असते. महाराष्ट्रात हे करणाऱ्यांनी पावसाळ्यात रानात उगवणाऱ्या अनोळखी अळंब्यांच्या वाटेला जाऊ नये. दुकानात वाळवलेल्या शिताके मिळतात, त्या वापराव्यात. चव वेगळी येते, पण पारीत शोभते.

कोबी हवा तो आधीच आंबवून ठेवलेला. १ किलो बारीक चिरलेल्या कोबीला २० ग्रॅम मीठ चोळून, त्याच्याच पाण्यात तो पूर्ण बुडेल असा दाबून काचेच्या बरणीत ठेवायचा. पोलंडच्या थंडीत दोन-तीन आठवडे लागतात, पुण्यातल्या डिसेंबरमध्ये आठ-दहा दिवसांत छान आंबटपणा येतो. वर कोबीचं पान बुडलेलं नसेल तर बुरशी धरते, एवढीच काळजी. सारणासाठी ५०० ग्रॅम घट्ट पिळून घ्यायचा. फार आंबट वाटला तर एकदाच धुवायचा, दोनदा धुतला की पचपचीत होतो. बेताच्या पाण्यात पाऊण तास शिजवायचा, पुन्हा पिळायचा, अळंब्यांसोबत सुरीने बारीक कापायचा. मिक्सरमध्ये त्याचा लगदा होतो आणि लगदा पाणी सोडतो. दोन कांदे लोण्यावर किंवा तेलावर लालसर करून त्यात हे सगळं परतायचं, भरपूर मिरपूड घालून, कढईच्या तळाला ओलावा दिसेनासा होईपर्यंत. झाऱ्याने सारण बाजूला सारलं आणि मागे पाण्याची रेघ आली, तर अजून दहा मिनिटं परतायला हवं. ओल्या सारणाची पिएरोगी पाण्यात फुटणार हे आधीच ठरलेलं असतं.

दुसरं सारण ‘रुस्किए’. हे विगिल्याच्या बारांत असलंच पाहिजे असं नाही, पण पोलंडमध्ये वर्षभर सगळ्यात जास्त खाल्लं जातं ते हेच. बटाटा, त्वारूग म्हणजे विरजलेल्या दुधाचं ताजं चीज, आणि कांदा. नावामुळे ते रशियाचं वाटतं, पण ‘रुस्किए’ म्हणजे रुस प्रांताचं, ल्वूवच्या आसपासच्या मुलखाचं, जो आज पश्चिम युक्रेनमध्ये आहे. १९४५ नंतर सीमा पश्चिमेकडे सरकल्या, ल्वूव सोव्हिएत संघात गेलं आणि तिथल्या पोलिश कुटुंबांना गाड्यांमध्ये बसवून व्रोत्स्वाफ, ओपोले अशा शहरांत आणून सोडलं गेलं. ती शहरं तोवर जर्मन होती. घर, शेत, अंगण मागे राहिलं आणि बटाटा-चीजची पिएरोगी सोबत आली. आज व्रोत्स्वाफमधल्या घरी रुस्किए केल्या जातात तेव्हा त्यात बहुतेकदा पणजीचं ल्वूव असतं. २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर पोलंडमधल्या अनेक खाणावळींनी फळ्यावरचं नाव बदलून ‘युक्रेनी पिएरोगी’ केलं. घरांत मात्र जुनंच नाव टिकून आहे.

याच पूर्वेकडच्या भागांतून १९४०-४१ मध्ये सैबेरियात आणि कझाकस्तानात हद्दपार झालेल्या पोलिश लोकांपैकी सुमारे पाच हजार, मुख्यतः बायका आणि मुलं, इराणमार्गे कोल्हापूरजवळ वळिवड्याला आली आणि १९४३ ते १९४८ तिथल्या छावणीत राहिली. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे. रुस्किए ज्या मुलखाच्या, त्याच मुलखातले लोक पंचगंगेकाठी पाच वर्षं राहून गेले, हे कोल्हापूरकराने पिएरोगी करताना मनात ठेवावं.

आता माप. ५०० ग्रॅम पिठूळ बटाटे आणि २५० ग्रॅम त्वारूग, म्हणजे दोनास एक. पोलंडमध्ये बटाट्याच्या पिशवीवर अ, ब, क असे प्रकार लिहिलेले असतात. क म्हणजे पिठूळ, तो घ्यायचा. आपल्याकडे नवा बटाटा टाळून जुना घ्यावा. सालासकट उकडून, सोलून, गरम असतानाच पुरणयंत्रातून काढायचा. थंड झाल्यावर कुस्करला तर गुठळ्या राहतात, मिक्सरमध्ये घातला तर डिंकासारखा चिकट होतो, आणि तो चिकटपणा मग कशानेच जात नाही. काढलेला बटाटा पसरून पूर्ण थंड होऊ द्यायचा. कोमट सारण पारीला आतून ओलं करतं.

त्वारूग म्हणजे पनीर नव्हे, इथे बहुतेकांची चूक होते. पनीर तापलेल्या दुधात आंबट घालून फाडतात, म्हणून त्याचे दाणे घट्ट, किंचित रबरी असतात आणि आंबटपणा जवळजवळ नसतो. त्वारूग विरजलेल्या दुधाचा असतो. घरी करायचा तर २ लिटर दूध विरजून, चांगलं आंबट झाल्यावर ते भांडं न ढवळता अगदी मंद आचेवर ठेवायचं. हात घातला तर गरम लागेल पण भाजणार नाही, एवढंच तापवायचं. कडेने पिवळसर पाणी सुटलं की आच बंद, तासभर तसंच, मग पंच्यात बांधून रात्रभर टांगायचं. ३०० ते ४०० ग्रॅम मिळतं. चक्क्यापेक्षा कोरडं आणि भुरभुरीत, चव मात्र तीच, ताज्या दह्याची. जास्त तापवलं की ते वाळूसारखं दाणेदार होतं. नुसता चक्का वापरला तर सारण सैल पडतं, कारण त्यातलं पाणी तापवून सोडवलेलं नसतं.

दोन कांदे अगदी बारीक चिरून २ मोठे चमचे लोण्यात मंद आचेवर सोनेरी करायचे, पंधरा मिनिटं तरी. बटाटा, त्वारूग, कांदा हाताने कालवायचा. मीठ चाखून, आणि मिरपूड भरडसर, चमचाभर. पोलिश सुगरणी सारण जरा खारट, जरा तिखट वाटेल असंच ठेवतात, कारण पारी फिकी असते आणि पाण्यात काही मीठ उतरतं. सारणाचे सुपारीपेक्षा मोठे, बारा ग्रॅमचे गोळे आधीच वळून ठेवावेत. चमच्याने भरताना सारण कडेला लागतं, गोळा जिथे ठेवला तिथे राहतो.

आणि आता ते पीठ, जे मावेल तेवढं घ्यायचं असतं.

पोलंडमध्ये पिठाच्या पुड्यावर आकडा असतो: ४५०, ५००, ५५०. तो आकडा म्हणजे १०० ग्रॅम पीठ जाळल्यावर उरणारी राख, साधारण मिलिग्रॅममध्ये. आकडा जितका लहान तितकं पीठ पांढरं, कोंडा कमी. पिएरोगीसाठी ४५० किंवा ५००. आपल्याकडे साधा मैदा चालतो. ५०० ग्रॅम मैदा, १ छोटा चमचा मीठ, ३० ग्रॅम लोणी आणि २६० मिलिलिटर पाणी. पाणी उकळून मिनिटभर थांबलेलं, म्हणजे जवळजवळ उकळतं. थंड पाण्याने मळलेलं पीठ लाटताना मागे सरकतं आणि शिजल्यावर चामट लागतं. कढत पाण्याने मैद्यातल्या स्टार्चचा काही भाग तिथेच शिजतो, तो जास्त पाणी धरून ठेवतो आणि चिवटपणा कमी होतो. तांदळाच्या उकडीत आपण जे करतो त्याचाच हा अर्धा भाग. काही घरांत अंडं घालतात. अंड्याने पारी घट्ट होते, वेळेत बाहेर काढली नाही तर कडक. माझं मत अंड्याविरुद्ध आहे.

परातीत मैद्याला मध्ये खळगा करून लोणी घालायचं, त्यावर २०० मिलिलिटर पाणी ओतून लाकडी चमच्याने हलवायचं, हात घालायचा नाही. सगळं ढेकळांसारखं दिसेल. उरलेलं पाणी दोनदा तीनदा करून. हाताला सोसवेल इतकं निवलं की सहा ते आठ मिनिटं तिंबायचं. सुरुवातीला बोटांना चिकटतं आणि तिथेच मैद्याची मूठ आणखी टाकण्याचा मोह होतो. तो आवरायचा. तीन मिनिटांत चिकटपणा आपोआप जातो. ‘मावेल तेवढं’ याचा हाताला कळणारा अर्थ असा: गोळा बोटाने दाबला तर खड्डा हळूहळू भरून यावा, पृष्ठभाग कानाच्या पाळीसारखा मऊ लागावा आणि परात स्वतःहून स्वच्छ सुटावी. दमट हवेत मला २५० मिलिलिटर पाणी पुरतं, कोरड्या थंडीत २७०. कोमट भांडं पालथं घालून अर्धा तास झाकायचं. हा अर्धा तास वगळला की पारी आक्रसते.

लाटायला तिथे स्तोल्नित्सा नावाची मोठी लाकडी फळी असते, टेबलाच्या कडेला अडकणारी. आपला ओटा चालतो. पिठाचा चौथा हिस्सा घ्यायचा, बाकीचं झाकून. दोन मिलिमीटर जाडी, खालचा ओट्याचा रंग अंधुक दिसेल इतकी. मैदा भुरभुरायचा तो फक्त खालच्या बाजूला. ज्या बाजूला सारण ठेवणार ती बाजू कोरड्या मैद्याशिवाय हवी, नाहीतर कडा चिकटत नाहीत. चकत्या पाडायला प्रत्येक घरी एक ठरलेला ग्लास असतो, बहुतेकदा पातळ काठाचा, सात सेंटिमीटर व्यासाचा. सेटमधले बाकीचे केव्हाच फुटलेले असतात आणि हा एक वर्षभर कपाटाच्या मागे राहून डिसेंबरात बाहेर येतो. घराच्या पिएरोगीचा आकार त्या ग्लासावरून ठरतो, त्यामुळे लेकी वेगळ्या शहरात राहायला गेल्या की तोच व्यास शोधत बसतात. एवढ्या पिठात साधारण ६५ होतात. कापून उरलेल्या कडा गोळा करून पुन्हा लाटता येतात, कढत पाण्याचा हा दुसरा फायदा, पण मध्ये दहा मिनिटं विसावा द्यावा.

भरण्याकडे नीट लक्ष द्यावं. चकती डाव्या हाताच्या बोटांवर घ्यायची, तळव्यावर नाही, तळवा गरम असतो. गोळा मध्यभागी. उजव्या अंगठ्याने आणि तर्जनीने आधी फक्त मधला एक बिंदू चिमटायचा. मग मधल्या बिंदूपासून डाव्या टोकाकडे दाबत जायचं, सारणाभोवतीची हवा पुढे ढकलत. नंतर उजवीकडे, तसंच. शेवटच्या सेंटिमीटरात हवा बाहेर जाताना बारीक ‘फुस्स’ जाणवतं, ते जाणवल्यावरच टोक बंद करायचं. आत राहिलेली हवा उकळत्या पाण्यात फुगते आणि सर्वात कच्चा सांधा शोधून फोडते. मग पूर्ण कड पुन्हा एकदा दाबायची, कडेची जाडी दुप्पट न वाटता पारीएवढीच वाटेल इथवर, नाहीतर बाकीची शिजते आणि कड पिठूळ राहते. कड कोरडी पडली असेल तरच बोट ओलं करून फिरवावं. ओल्या कडेवर ओलं केलं की ती घसरते. सारणाचं लोणी कडेला लागलं असेल तर पाण्याने काहीच होत नाही, ती कड पुसून मैद्याचा किंचित हात लावून दाबायची.

यानंतर हवी तर फाल्बांका, म्हणजे झालर. आपली करंजीची मुरडच ती: कडेचा कोपरा अंगठ्याने आत दुमडायचा, दाबायचा, त्याच्या शेजारचा पुन्हा. मुरड घालता येणारी मराठी बाई पोलिश टेबलाशी बसली तर पहिल्या पाच मिनिटांत तिचा हात ओळखीचा होतो. घरोघरी मुरड वेगळी असते, आजीची, म्हणजे बाबचाची, बारीक आणि तिरकी, मुलांची जाड. ताटातल्या पिएरोगीकडे बघून ती कोणी भरली हे घरातल्यांना सांगता येतं. आजी गेल्यावरही एखाद्या नातीच्या बोटांतून तीच तिरकी मुरड निघते आणि टेबलाभोवती क्षणभर सगळे गप्प होतात. मुलांना पहिलं काम मिळतं ते ग्लासाने चकत्या पाडण्याचं, मग गोळे वळण्याचं. कड दाबायला मिळणं ही बढती असते.

भरलेल्या पिएरोगी मैदा भुरभुरलेल्या फडक्यावर, एकमेकींना न चिकटता, वरून दुसऱ्या फडक्याने झाकून. अर्ध्या तासापेक्षा जास्त ठेवू नयेत, खालची बाजू ओली होऊन फडक्याला धरते.

मोठ्या पातेल्यात ४ लिटर पाणी, १ मोठा चमचा मीठ. उकळी आल्यावर एका वेळी पंधरा. जास्त टाकल्या की पाणी थंडावतं, पारी गिळगिळीत होते आणि त्या तळाला बसून चिकटतात. टाकल्याबरोबर लाकडी चमच्याच्या पाठीने तळातून एकदाच हलवायचं. पाणी पुन्हा उकळायला लागलं की आच कमी, पृष्ठभाग नुसता हलता राहील इतकी. खळखळून उकळणाऱ्या पाण्यात पिएरोगी एकमेकींवर आपटून फाटतात. तरंगून वर आल्यावर आणखी दोन ते तीन मिनिटं. सारण आधीच शिजलेलं आहे, शिजायची ती फक्त पारी. पहिली काढून कडेचा तुकडा चावून बघावा, तिथे कच्चट लागत नसेल तर झाल्या. झाऱ्याने काढून पसरट ताटात, लगेच वितळलेलं लोणी. चाळणीत ओतून पाणी काढू नये, वरच्यांच्या वजनाने खालच्या फुटतात. फुटलेली करंजी तेल काळं करते म्हणून लगेच कळते. पिएरोगी पाण्यात फुटली की सारण गुपचूप निघून जातं आणि हाती नुसती पारी येते. पाणी गढूळ दिसलं तर थांबून कडा तपासाव्यात.

वर घालायच्या गोष्टीला ‘ओक्रासा’ म्हणतात. एरवी रुस्किएवर तळलेल्या कांद्यासोबत डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे घालतात. विगिल्याला ते वर्ज्य, त्या दिवशी फक्त कांदा आणि लोणी, काही घरांत जुन्या उपासाच्या रीतीने जवसाचं तेल. उन्हाळ्यात जंगली जांभळ्या बेरींच्या गोड पिएरोगी करतात त्यावर साखर आणि आंबट साय. त्यांची एक खूण लक्षात ठेवावी: साखर आधी मिसळली की फळ रस सोडतं, म्हणून ती भरताना चकतीवर चिमूटभर घालायची, खाली जरासा बटाट्याचा स्टार्च.

२३ ला केलेल्या २४ पर्यंत ठेवायच्या असतील तर कच्च्या ठेवू नयेत. उकळून, लोणी लावून, थंड करून फ्रीजमध्ये, आणि जेवणाआधी मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवून काढायच्या. दुसऱ्या दिवशी त्याच लोण्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस केल्या तर कोबीच्या पिएरोगी ताज्यांपेक्षा सरस लागतात. महिनाभर ठेवायच्या असतील तर कच्च्याच, मैदा भुरभुरलेल्या ताटलीत सुट्या सुट्या फ्रीझरमध्ये गोठवाव्यात आणि मग पिशवीत भराव्यात. शिजवताना वितळू द्यायच्या नाहीत, दगडासारख्या असतानाच उकळत्या पाण्यात, एका वेळी दहाच.

पीठ आणि सारण बरोबरीने कधीच संपत नाही. सारण उरलं तर बटाट्याच्या सारणाच्या टिक्क्या. पीठ उरलं तर ते लाटून दोन सेंटिमीटरचे चौकोन कापायचे, खारट पाण्यात तीन मिनिटं उकळायचे आणि कढईत चिकटून राहिलेल्या कोबी-अळंबीत परतायचे. त्याला वाझान्की म्हणतात. दिवसभर उभं राहून काम केलेल्यांचं २३ च्या रात्रीचं जेवण बहुतेकदा तेच असतं, कारण ताटातल्या मोजलेल्या पिएरोगींना उद्याची चांदणी दिसेपर्यंत कोणी हात लावत नाही.